साडूची नळी

धाकटीच्या नवऱ्याची फुप्फुसं कारखान्यात पहिली आली, ही बातमी मला धाकटीनेच दिली. तीही माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्याच हातचा चहा पिता पिता. पोरगं परीक्षेत पहिलं यावं तसा तिचा चेहरा फुलला होता. "ताई, तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, या वयात असा श्वास त्यांनी बघितलाच नाही," ती म्हणाली. मी "वा" म्हटलं आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे ओढून घेतली.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी आणि दोघींचे नवरे एकाच काचेच्या कारखान्यात. तिथे भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा लांब लोखंडी नळीच्या टोकावर उचलायचा, दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायचं आणि नळी सतत फिरवत राहायची, असं काम. फुंकर मध्येच तुटली तर काच एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते, आणि मग सगळं भंगारात. आमचे हे तिथले उस्ताद. मोठ्या भट्टीसमोर लांब हातांची एक लाकडी खुर्ची आहे. त्या हातांवर नळी ठेवून फिरवतात. मोठं काम त्या खुर्चीवरच होतं आणि त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नाही. धाकटीच्या नवऱ्याला कारखान्यात लावलं ते ह्यांनीच, म्हणून तिथे सगळे त्यांना 'साडू' म्हणतात. मीसुद्धा तेच म्हणते. खरं नाव उच्चारून त्यांचा मान वाढवायची मला हौस नाही.

पण गेल्या वर्षीपासून ह्यांचा दम कमी पडायला लागला होता. जिना चढले की कठड्याला धरून उभे राहायचे आणि मला दिसू नये म्हणून खिशात किल्ल्या शोधल्यासारखं करायचे. मोठे तुकडे बिघडू लागले. मालकीणबाई स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांना माल द्यायचा असतो. एका नव्या इमारतीसाठी मोठाल्या दिव्यांचे काचेचे गोळे करायचं काम आलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हे गोळे जो नीट फुगवेल, खुर्ची त्याची." आणि त्याच महिन्यात छातीची तपासणी झाली. आता कुणी कुणाकडे बघितलं असेल ते मी सांगायला नको.

तपासणीनंतर छातीच्या डॉक्टरीणबाईंनी कामगारांना आणि घरच्यांना माल बांधायच्या खोलीत बोलावलं. त्यांचा कसलासा अभ्यास चालू होता. त्यासाठी त्यांनी प्रत्येकाकडून श्वासाचं माप घेतलं होतं आणि एका डबीत, सांगायला लाज वाटते, शौचाचा नमुनाही घेतला होता. आमचे उस्ताद ती डबी तीन कागदांत गुंडाळून, वर पिशवी घालून, चोरीचा माल न्यावा तशी घेऊन गेले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटाचा आणि छातीचा संबंध असतो. आपल्या मोठ्या आतड्यात अगणित जिवाणू राहतात. कडधान्यं, भाज्या, सालासकट फळं, जाडंभरडं पीठ यांतला चोथा आपल्याला पचत नाही, त्यांना पचतो. तो खाऊन ते काही आम्लं तयार करतात. ती रक्तात उतरतात आणि रोगाशी लढणाऱ्या शरीराच्या शिपायांना शांत ठेवतात. शिपाई उगाच चवताळले की फुप्फुसांतल्या वाटा सुजतात."

"म्हणजे फुंकायचं तोंडाने आणि जोर पोटातल्या किड्यांचा?" कुणीतरी मागून विचारलं. सगळे हसले.

"इतकं सोपं नाही," त्याही हसल्या. "गेलेला श्वास कोबी खाऊन परत येत नाही. सिगारेट, धूर, धूळ हे सगळं आहेच, आणि अभ्यास अजून चालू आहे. पण ज्यांच्या पोटात नाना तऱ्हेचे जिवाणू आहेत, त्यांची छाती बऱ्याचदा बरी दिसते. एका घरात राहणाऱ्यांचे जिवाणूही पुष्कळदा सारखे असतात, एकाकडून दुसऱ्याकडे जातात. खाणं बदलायचं तर हळूहळू बदला."

मग त्यांनी साडूला उभं केलं. यांच्या पोटात इतक्या प्रकारचे जिवाणू आहेत की मोजणारा थकेल, म्हणाल्या. धाकटी पदर सावरत बसली होती, जणू एकेक तिनेच नाव ठेवून वाढवला होता. त्यानंतर डॉक्टरीणबाई ह्यांच्याकडे वळल्या.

"तुमच्याकडे प्रकार फारच कमी आहेत. घरी काय खाता?"

आमचे हे खोटं बोलायला कुठे शिकलेत! "पांढरा ब्रेड, तळलेलं मटण, बटाटे, गोड चहा."

"आणि भाजी?"

"बटाटे."

सगळी खोली हसली आणि हसून झाल्यावर माझ्याकडे वळली. बटाटे ह्यांनी खाल्ले, पण तळले मी ना! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांना मऊ आणि चमचमीत आवडतं, मी ते मायेने करून घालते, आणि इतक्या वर्षांच्या त्या मायेचा असा भर सभेत निकाल लागला. धाकटीने हळूच माझा हात दाबला. तेवढं तिने केलं नसतं तर मी तिला कदाचित माफ केलं असतं.

आमचं हे लहानपणापासूनचं आहे. आई पाहुण्यांना सांगायची, "धाकटीच्या हाताला चव आहे, थोरलीच्या हाताला वेग आहे." वेग! म्हणजे तिने एक भाजी चाखत बसायचं आणि मी तेवढ्यात सगळ्या घराचं रांधायचं, आणि कौतुक चवीचं. धाकटीच्या ओट्यावर काचेची एक मोठी बरणी असते. साडूनेच फुंकून केलेली. तीत ती कोबी, गाजर, मुळा असलं काहीबाही मिठाच्या पाण्यात आंबवते आणि रोज जेवणात वाढते. शिवाय तिच्याकडे रोज कडधान्य, रोज जाड्या पिठाची भाकर. मी त्या बरणीला नेहमी नाक मुरडत आले. त्या सभेनंतर मात्र मला ती बरणी डोळे मिटले तरी दिसायची. ते आंबूस पाणी तिच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, म्हणून ह्यांची खुर्ची जाणार, असं माझ्या डोक्याने घेतलं.

धाकटीकडे वाटीभर मागायला काय हरकत होती? काहीच नाही. पण माझी जीभ झडली असती तरी मी मागितलं नसतं.

त्याऐवजी मी दुसऱ्या दिवसापासून वेग दाखवला. सकाळी पातेलंभर राजमा, दुपारी वाटाणे, रात्री कोंड्याची भाकर आणि कच्चा कोबी. 'हळूहळू' हा शब्द मी ऐकलाच नव्हता. उस्तादांचं पोट फुगलं ढोलासारखं. भट्टीसमोर गोळा फुंकत असताना नको तिकडून आवाज आला आणि सगळा कारखाना काम थांबवून हसला. त्या संध्याकाळी ह्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "हवं तर मला खुर्ची नको, पण हे नको."

"मग बसा आयुष्यभर साडूच्या हाताखाली," मी म्हटलं. फार लागलं असणार ते. हे उठले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

त्यानंतर हे सकाळी लवकर निघायला लागले. भट्टीवर कुणी यायच्या आधी. ह्यांना तेव्हा सर्दी झाली होती, खोकलाही होता, पण थांबायला तयार नाहीत. मला वाटलं, चला, जिद्द आली. एकांतात सराव करत असतील. मी पुन्हा बटाटे तळायला लागले आणि आशेवर राहिले.

आणि मग साडू आजारी पडले. आधी घसा, मग ताप, मग खोकला छातीत उतरला. डॉक्टरीणबाईंनी घरी झोपवलं, औषधं दिली आणि बजावलं की छाती पूर्ण बरी होईपर्यंत नळीला तोंड लावायचं नाही.

मी आता खरं ते बोलते. बातमी ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. त्यानंतर वाईट वाटलं, पण पहिल्यांदा बरं वाटलं. जगात नावाजलेली फुप्फुसं ती, आणि साध्या सर्दीने आडवी! कुठे गेली त्यांची जिवाणूंची पलटण? हे सगळं मनात, बरं का. वरून मी गरम सूप घेऊन धाकटीकडे गेले, उशी नीट केली, "काळजी करू नकोस गं" म्हटलं. साडू भिंतीला टेकून बसले होते आणि एकेक शब्द बोलायला थांबत होते. त्यांचं ते थांबणं मला ओळखीचं वाटलं. घरी रोज ऐकत होते ना.

गोळ्यांचं काम ह्यांच्याकडे आलं. धापा टाकत, मध्ये मध्ये बसत, चार गोळे फोडून एक नीट करत, पण ह्यांनी ते केलं. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. खुर्ची ह्यांचीच राहिली. आई फोनवर म्हणाली, "शेवटी तुझंच खाणं अंगी लागलं म्हणायचं. धाकटीची ती नासकी बरणी मला कधीच पसंत नव्हती." हीच आई! मी दोनदा विचारलं, "काय म्हणालीस? नीट ऐकू आलं नाही." तिने दोन्ही वेळा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा मन भरून ऐकलं.

त्या दिवशी मी ह्यांच्या आवडीचं सगळं केलं. पण हे जेवेनात. बोटाने ब्रेडचा तुकडा नुसता ताटात फिरवत बसले.

"साडूला माझ्यामुळे झालं," हे म्हणाले.

"तुमच्यामुळे कसं? तुम्ही काय ढगातून ताप सोडला?"

"मी त्याची नळी तोंडात धरायचो. रोज सकाळी. कुणी यायच्या आधी."

मला काही कळेना. कारखान्यात प्रत्येकाची नळी वेगळी असते, ओळखायला रंगीत पट्टी लावलेली. मालकीणबाईंचा तो कडक नियम आहे. फार पूर्वी एकाच नळीने बऱ्याच जणांच्या छात्या खराब झाल्या होत्या, तेव्हापासूनचा.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, चांगले जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात," हे मान खाली घालून म्हणाले. "एका घरात राहणाऱ्यांचे. आम्ही एका घरात कुठे राहतो? मग म्हटलं, नळी. दिवसभर त्याच्या तोंडात असते. नळी गार असताना मी तोंड लावायचो आणि आत ओढायचो. जेवढा दम आहे तेवढं."

आत ओढायचो! काचेच्या कामातला पहिला धडा असा की नळीत फक्त फुंकायचं, ओढायचं कधीही नाही. गरम हवा छातीत गेली तर माणूस संपला. नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच सांगतात आणि सांगणारे हेच असतात. मला हसू आलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं. पण हसता हसता माझ्या लक्षात आलं आणि हसू तिथेच विरलं.

"अहो, नळ्या संध्याकाळी साबणाने धुतात ना?"

"हो."

"मग सकाळी त्या नळीवर साडूचं काय असणार होतं?"

ह्यांनी ब्रेडचा तुकडा खाली ठेवला. हा विचार त्यांना शिवलाच नव्हता. धुतलेल्या नळीवर साडूचं काहीच नव्हतं. सकाळी तिच्यावर जे असायचं ते ह्यांनी ठेवलेलं. सर्दी, खोकला, सगळं. आणि ह्यांच्या पाठोपाठ साडू येऊन, 'उस्ताद आज लवकर?' असं हसून, तीच नळी तोंडाला लावत असणार.

"आणि ते जिवाणू आतड्यात असतात, तोंडात नाही," मी म्हटलं.

"ते मला आता कळलं," हे म्हणाले. "तू त्या दिवशी म्हणालीस, साडूच्या हाताखाली बसा. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं."

मी ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली. काखेत ती बरणी, अर्धी भरलेली. चेहरा उतरलेला, केस कसेतरी बांधलेले. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. तिने बरणी माझ्या ओट्यावर ठेवली आणि खुर्चीवर बसली.

"ताई, हे तुझ्या इथे ओतून टाकू का? माझ्या घरात माझ्याच्याने ओतवत नाही."

"का ओततेस?"

"आई म्हणते यानेच झालं. नासकं खायला घातलं मी त्यांना." तिने नाक पुसलं. "त्यांना रात्री झोप येत नाही. उठून बसतात. म्हणतात, परत फुंकता येईल ना गं मला? मी काय सांगू? इतकी वर्षं मी मिरवलं की माझ्या हातचं खाऊन त्यांचा दम आहे. मग आता गेला तोही माझ्याच हाताने गेला ना?"

ती वर बघून म्हणाली, "तुझे बघ. आजारातून उठून गोळे फुंकले त्यांनी. ताई, तू काय घालतेस त्यांना? मला शिकव. तू म्हणशील तसं करीन."

काय सांगू तुम्हाला! हे वाक्य ऐकायला मी जन्मभर थांबले होते. स्वप्नात ऐकलं होतं, भांडी घासताना ऐकलं होतं. धाकटी माझ्या स्वयंपाकघरात बसून, मान खाली घालून, 'ताई मला शिकव' म्हणते आहे. मी फक्त तोंड उघडायचं होतं. बटाटे कसे तळायचे ते सांगायचं, बरणी मोरीत रिकामी करायची, खुर्ची आमची, आई माझी, सगळं माझं. आणि मला आनंद होत नव्हता. ते वाक्य खरं नव्हतं ना. ते तिने मला दिलंच नव्हतं. ह्यांनी तिच्या नवऱ्याच्या नळीतून ते चोरून आणलं होतं.

"बरणीने काही झालेलं नाही," मी म्हटलं. "आमच्या ह्यांची सर्दी लागली साडूला." आणि मग सगळं सांगितलं. सकाळची वेळ, गार नळी, आत ओढणं, सगळं. ह्यांना वेड लागायला मी काय बोलले होते तेही.

धाकटी ऐकत राहिली. तिचा रडवेला चेहरा हळूहळू घट्ट झाला. सगळं संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे माझी बरणी चांगली आहे?"

"चांगली आहे."

"नक्की?"

"डॉक्टरीणबाईंना विचार हवं तर."

तिने झाकण उघडून वास घेतला, पुन्हा घट्ट लावलं. मग म्हणाली, "मी मालकीणबाईंना सांगणार."

"हे स्वतःच गेलेत सांगायला. सकाळीच. मी पाठवलं."

"खुर्ची जाईल."

"जाईल."

बाहेर कुणाची तरी सायकल कुरकुरत गेली. खुर्ची गेली ती गेली, पण ह्यांचा दम? हे रात्री कूस बदलताना धापा टाकतात, ते मला एकटीलाच ऐकू येतं. मला वाटलं, आता लपवायला राहिलंच काय? आता तरी मागावं. आणि ज्या तोंडाने कधी मागितलं नव्हतं त्या तोंडाने मी म्हटलं, "धाकटे, त्यातलं वाटीभर मला देशील? ह्यांच्यासाठी."

ती उठली. बरणी काखेत घेतली.

"नाही," ती म्हणाली.

मला ते गालात मारल्यासारखं बसलं. ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या आणि मग वळून, ओरडून नाही, अगदी नेहमीच्या आवाजात बोलली. "घरात कोबी आहे ना? मीठ आहे ना? बारीक चिर, मीठ चोळ, त्याच्याच पाण्यात दाबून ठेव. आपोआप आंबतं. यात दुसऱ्याचं काही लागत नाही, ताई. आणि चमच्या-चमच्याने सुरुवात कर, नाहीतर परत कारखाना हसवशील."

ती पायऱ्या उतरून गेली, बरणी पोराला धरावी तशी धरून. नवरा आजारी, रात्रीची झोप नाही, आणि आता घरी जाऊन त्याला हे सगळं सांगायचं. तरी पाठ ताठ. मी दारात उभी राहून ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले, आणि तुम्हाला म्हणून सांगते, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला.